राजा गेबहार्डची सही

राजा गेबहार्डला दिसत नाही, हे टॉर्नबेर्गच्या राज्यात चार वर्षं फक्त चौघांना माहीत होतं. स्वतः राजाला, राणी ओडिलिएला, म्हाताऱ्या डॉक्टर प्फाइलना आणि मला. मी वाल्बुर्गा हेल्मिश. राजवाड्यात कपडे शिवायला होते. सगळे बुर्गा म्हणायचे.

मला हे कळलं ते एका कोटामुळे. अठराशे पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात राणीसाहेबांनी मला वर बोलावलं, दार लावून घेतलं आणि राजाचा पायदळाचा कोट माझ्या हातात दिला.

"याच्या आत, डाव्या बाजूला, बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही अशी खूण करायची. जमेल?"

"जमेल. पण कशासाठी, राणीसाहेब?"

"कशासाठी असं विचारणारी मला नकोय."

मी पायदळाच्या कोटाला आतून एक गाठ मारली, घोडदळाच्या कोटाला दोन, दरबारी कोटाला तीन. मग हातमोजे आले, मग रुमाल. सुईदोऱ्यात जन्म गेलेल्या बाईला एवढं कळतंच की ज्याला रंग दिसतो त्याला गाठी लागत नाहीत. आठव्या दिवशी मी कोट घेऊन गेले तेव्हा महाराज एकटेच खिडकीपाशी होते. मी पाऊल न वाजवता उभी राहिले. ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "कोण? नवीन मेणाचा वास येतोय. दोऱ्याला लावायचं मेण. तू ती शिवणारी का?"

"हो महाराज."

"कळलं ना तुला?"

मी कोट पुढे केला. ते हसले. "म्हणजे कळलं."

त्यांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. नऊ वर्षांचे असताना धाकट्या भावाने, लोथारने, तबेल्यात चाबूक फिरवला आणि त्याचं टोक डोळ्यात गेलं. थोरल्या महाराजांनी सगळ्यांना सांगितलं की गेबहार्ड घोड्यावरून पडला. पोराच्या खाटेशी येऊन त्यांनी एवढंच बजावलं की आपल्या घराण्यात कुणाला काही होत नसतं, हे लक्षात ठेव. त्या पोराने ते लक्षात ठेवलं. पस्तिशीनंतर उजव्या डोळ्यात काचबिंदू उतरायला लागला तेव्हा त्यांनी तीन वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नाही. राज्याभिषेकाला त्यांना कुलपाच्या भोकातून दिसावं तेवढंच दिसत होतं. बिशपने मुकुट ठेवला तो त्यांना वजनानेच कळला.

लपवायचं कारण साधं होतं. घराण्याच्या जुन्या कायद्यात लिहिलेलं होतं की जो पांगळा, बहिरा किंवा आंधळा असेल त्याने गादीवर बसू नये. मुलगा नव्हता. गेबहार्ड उतरले की लोथार चढणार. आणि लोथार परराज्यात पत्ते कुटत त्याचीच वाट बघत बसला होता.

मग आम्ही राजाला डोळे लावले. शेजघर ते जेवणघर एकतीस पावलं, जेवणघर ते मोठा दिवाणखाना बावन्न, तिथे पाच पायऱ्या खाली. ताटात घड्याळाच्या सहावर मांस, तीनवर कोबी, नऊवर बटाटे, हे आचाऱ्याला राजाचा लहरीपणा म्हणून सांगितलेलं. राणीसाहेब हाताशी असायच्या. समोर कोण आलंय ते त्या पंख्याआडून पुटपुटायच्या, आणि महाराज त्या माणसाच्या गुडघेदुखीची, पोरीच्या लग्नाची चौकशी करायचे. लोक म्हणायचे, काय स्मरणशक्ती आहे! एकदा मात्र घोटाळा झाला. एका चित्रकाराने मोठं चित्र आणलं होतं. राणीसाहेब खोकल्याने बाहेर गेल्या होत्या आणि चित्रावरचं कापड अजून काढायचं होतं. महाराज त्या झाकलेल्या चित्रासमोर उभे राहून गंभीरपणे म्हणाले, "रंग फार संयमाने वापरलेत." क्षणभर सगळे थिजले. मग चित्रकारच हसत सुटला, त्याच्या पाठोपाठ दरबार हसला. महिनाभर गावात तो विनोद राजाचा विनोद म्हणून फिरत होता.

सगळ्यात अवघड होती ती सही. कागद आदल्या दिवशी राणीसाहेब वाचून दाखवत. पण सही मंत्र्यासमोर, साक्षीदारांसमोर करावी लागे. मी टेबलावरच्या चामडी गादीला दोन जाड टाके घातले. करंगळी त्यांवर टेकली की सहीची जागा कळायची. कागद त्या टाक्यांना बरोबर भिडवून ठेवणारं माणूस हवं, म्हणून राणीसाहेबांनी एक नवीनच रिवाज काढला. यापुढे राजाच्या हातात कुणी थेट कागद द्यायचा नाही. तो चांदीच्या तबकातून जाईल, आणि तबक वाल्बुर्गा नेईल.

त्यांनी मला बायबलवर हात ठेवायला लावला. "त्या खोलीत तू तोंड उघडायचं नाहीस. आग लागली तरी नाही. तुझ्या एका शब्दाने कुणाला शंका आली तर सगळं गेलं."

मी शपथ घेतली. मला वाचता येतं का, हे त्यांनी विचारलं नाही. शिवणारीला वाचता येत असेल असं त्यांच्या मनात आलं नसावं. आणि ते मीही सांगितलं नाही.

मला वाचायला शिकवलं होतं आम्ब्रोस फाइट गुरुजींनी. माझं गाव क्राउटबाख. मिठाचं गाव. खाऱ्या पाण्याच्या विहिरी, ते पाणी आटवायच्या मोठमोठ्या कढया, सगळं गाव धुरात. गुरुजी आम्हाला मिठाच्या कोठारात बसवून शिकवायचे. माझी पाटी बघून म्हणायचे, "हेल्मिशच्या पोरी, अक्षरं काढतेयस की मेंढरं हाकतेयस?" तरी चार हिवाळे त्यांनी मला सोडलं नाही.

एकोणपन्नास साली क्राउटबाखच्या लोकांनी कढयांखालचा जाळ विझवला. दोन वर्षं बटाटा सडला होता आणि मिठाची मजुरी अर्ध्यावर आणली होती. त्यांनी मुकादमाला कोठारात कोंडलं, बुरुजावर आपलं निशाण लावलं आणि राजाला एक अर्ज पाठवला. अर्ज अर्थातच गुरुजींनी लिहिला. सैन्य गेलं, बारा दिवसांत सगळं मोडलं. लष्करी न्यायालयाने पाच जणांना गोळ्या घालायची शिक्षा दिली. आम्ब्रोस फाइट, लेबरेख्ट, झेबाल्ड, मेल्कियोर आणि टोबियास. शिक्षेवर राजाची सही व्हायची होती.

गुरुजींची बायको अपोलोनिया आणि बाकीच्या घरांतल्या बायका तीन दिवस चालत राजवाड्याच्या फाटकाशी आल्या. मंत्री फॉन श्ट्राल म्हणाला की हाकलून द्या. महाराजांनी त्यांना आत घेतलं. चेहरा दिसत नसल्यामुळे की काय, ते माणसाचं बोलणं फार नीट ऐकायचे. अपोलोनिया बोलून थांबल्यावर ते म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं बोलत नाही आहात. तुमची माणसं घरी येतील."

त्याच दिवशी शिक्षा माफीचा मसुदा झाला. पाच वर्षं कैद आणि मग सुटका. राणीसाहेबांनी तो संध्याकाळी वाचून दाखवला, मी तिथेच मोजे रफू करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सही ठरली.

दहा वाजता फॉन श्ट्राल आला. उंच, सडपातळ माणूस, बोलणं लोण्यासारखं. बरोबर दोन न्यायाधीश, ते रिवाजाप्रमाणे दारापाशी थांबले. राणीसाहेब खिडकीत होत्या.

"कालच्या मसुद्याची स्वच्छ प्रत, महाराज," असं म्हणून त्याने कागद तबकात ठेवला.

दारापासून टेबलापर्यंत चौदा पावलं होती. मी नेहमीसारखी खाली बघत निघाले आणि नजर कागदावर पडली. पहिल्याच ओळीत 'मृत्युदंड' होतं. त्याच्या पुढे 'कायम'. खाली पाच नावं. सगळ्यात वर आम्ब्रोस फाइट.

मी थांबले नाही. हे मी पुष्कळदा मनात उगाळलंय. पाय चालत राहिले. मला वाटलं, महाराजांनी बेत बदलला असेल. राजे बदलतात, आणि ते शिवणारीला कळवत नाहीत. मग वाटलं, नाही, यांना माहीत नाही. मग शपथ आठवली. मग वाटलं, मी बोलले तर न्यायाधीश विचारतील, राजाने स्वतः का नाही वाचलं? एका शब्दात चार वर्षं जातील. चौदा पावलांत एवढं सगळं मनात आलं आणि कागद टाक्यांना भिडवून मी मागे सरले.

महाराजांनी नेहमीचं नाटक केलं. मान डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मध्येच कपाळाला आठी. पान उलटलं. मान डोलावली. करंगळी टाक्यांवर टेकली आणि झोकदार सही केली.

फॉन श्ट्राल ते बघत होता. त्याची नजर कागदावर नव्हती, महाराजांच्या डोळ्यांवर होती. सही झाली आणि त्याने हळूच श्वास सोडला.

"आभारी आहे, महाराज," तो म्हणाला. "फार स्पष्ट सही आहे."

दुपारी मी कोट घेऊन गेले तर महाराज गुणगुणत होते. मला म्हणाले, "बुर्गा, आचाऱ्याला सांग, आज आलुबुखाराचे उंडे कर. आज बरं वाटतंय. पाच घरांत आज कुणीतरी हसेल."

मी कोट खुर्चीवर ठेवला आणि गुडघ्यांवर बसले.

"महाराज, तो कागद माफीचा नव्हता."

"काय?"

"मला वाचता येतं. मृत्युदंड कायम, असं होतं. पाचांची नावं होती. उद्या सकाळी नऊला, पागेच्या मैदानात."

त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. मग म्हणाले, "तू तबक आणत होतीस तेव्हा वाचलंस?"

"हो."

"आणि ठेवलंस माझ्यासमोर."

"हो महाराज."

मला वाटलं मारतील. ते नुसते म्हणाले, "ओडिलिएला बोलाव."

राणीसाहेबांनी सगळं ऐकलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "म्हणजे फॉन श्ट्रालला कळलंय. त्याने कागद टाकून बघितला. आता आपण त्याच्या मुठीत आहोत."

"ते नंतर," महाराज म्हणाले. "आधी ती पाच माणसं."

राणीसाहेबांनी लगेच नवा हुकूम लिहिला, महाराजांनी सही केली, माणूस घोड्यावरून कर्नल ब्रांडिसकडे गेला. शिक्षा अमलात आणायचं काम त्याच्याकडे होतं. दिवेलागणीला तो कागद तसाच परत आला. राजाच्या कुठल्याही हुकमावर मंत्र्याची दुसरी सही लागते, तिच्याशिवाय तो चालत नाही, असं कर्नलने अदबीने लिहिलं होतं. फॉन श्ट्रालच्या घरी माणूस पाठवला. मंत्रीसाहेब शिकारीला गेलेत, कुठे ते ठाऊक नाही, असं उत्तर आलं.

आता एकच वाट उरली. सैन्याचा सरसेनापती राजा. त्याने समोर उभं राहून तोंडाने हुकूम दिला तर कागद लागत नाही. पण पागेचं मैदान आम्ही कधी पावलांनी मोजलं नव्हतं.

सकाळी सातला मी गेले तेव्हा दोघंही कालच्याच कपड्यांत होते.

"मी जातो," महाराज म्हणाले.

"आणि तिथे काय सांगाल?" राणीसाहेबांनी विचारलं. "सही करताना वाचलं नाही असं? का नाही वाचलं, म्हणून विचारतील. अहो, दुपारपर्यंत लोथारला तार जाईल. आठ दिवसांत तो इथे असेल आणि फॉन श्ट्राल त्याचा उजवा हात असेल. मग तो पाच मारेल की पन्नास, हे कोण अडवणार? तुम्ही राहिलात तर पुढच्यांना वाचवाल."

"पुढच्यांना."

"हो, पुढच्यांना. मी चार वर्षं तुमचे डोळे झाले ते यासाठी नाही, गेबहार्ड. आज गेलात तर मी सोबत येणार नाही."

महाराज पुन्हा बसले. मीही बघत होते, ते बसले. साडेसात झाले, आठ झाले. आठाचे टोले पडून गेल्यावर त्यांनी एकदा कोटाच्या आत हात घालून गाठी चाचपल्या आणि पुन्हा हात मांडीवर ठेवला. साडेआठ झाले. मग ते एकदम उठले.

"बुर्गा, गाडी."

राणीसाहेब खिडकीकडे वळल्या. शेवटपर्यंत त्यांनी मागे बघितलं नाही.

राजवाड्यापासून पागेचं मैदान अर्ध्या तासावर. पुलावर भाजीच्या गाड्या अडकल्या होत्या. नऊचे टोले पडले तेव्हा आम्ही पुलावरच होतो. गाडीवान शिव्या देत होता, लोक टोप्या काढून राजाला मुजरे करत होते. तेवढ्यात नदीपलीकडून बंदुकांचा आवाज आला. एकदम सात-आठ बंदुका.

"पाचही?" महाराजांनी विचारलं.

"नाही महाराज. यादीप्रमाणे, एकेक." हे मला कोठीतल्या सैनिकांच्या बोलण्यातून ठाऊक होतं.

"पहिलं नाव कुणाचं होतं?"

"आम्ब्रोस फाइट. आमचे गुरुजी."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. फाटकाशी पहारेकरी राजाची गाडी ओळखेना, कुलूप उघडेना. तिथे दुसरा बार ऐकला. लेबरेख्ट. मी महाराजांना उतरवून घेतलं आणि आत निघाले तर त्यांनी हात सोडवून घेतला.

"महाराज, जागा मोठी आहे."

"राजा कुणाचा हात धरून येत नसतो," ते म्हणाले आणि आवाज आला होता त्या दिशेने ताठ चालायला लागले.

पण तिथे तबेल्याची उंच भिंत होती आणि आवाज तिच्यावर आपटून येत होता. महाराज भिंतीकडे निघाले. सैनिकांची रांग त्यांच्या उजव्या हाताला, पाठीमागे राहिली. ते भिंतीपासून दहा पावलांवर थांबले, छाती काढली आणि ओरडले, "थांबा! मी राजा गेबहार्ड तुम्हाला हुकूम देतोय, थांबा!"

भिंतीला.

रांगेतला कुणीतरी हसला. मग आणखी दोघं हसले. "सकाळीच चढवलीय वाटतं," असं कुणीसं म्हणालं. कर्नल ब्रांडिस गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला, त्याची तलवार वर होती, खांबाशी झेबाल्ड बांधलेला होता. कर्नलने तलवार मुद्दाम खाली केली की त्याचा हात दमला, हे त्यालाही शेवटपर्यंत सांगता आलं नाही. तलवार खाली आली आणि बार उडाला.

मी धावले. महाराजांचे दोन्ही खांदे धरून त्यांना वळवलं. "इकडे, महाराज. इकडे आहेत."

"तो कोण होता?"

"झेबाल्ड."

महाराज माझा हात धरूनच रांगेपर्यंत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला दिसत नाही. चार वर्षं दिसत नाही. कालच्या कागदावर मी न वाचता सही केली. राहिलेल्या दोघांना सोडा."

कर्नल ब्रांडिस फार सावध माणूस होता. तो म्हणाला, "महाराज आंधळे असतील, तर घराण्याच्या कायद्याने... क्षमा असावी, पण तुमचा हुकूम मला लागू होतो का, हेच मला कळत नाही."

"मी राजा असेन तर माझा हुकूम ऐका," महाराज म्हणाले. "आणि नसेन, तर कालची सही कुणाची? कुणाच्या सहीवर मारताय यांना?"

कर्नलने तलवार म्यानात घातली. मेल्कियोर आणि टोबियास यांचे हात सोडले. टोबियास जागच्या जागी खाली बसला. मेल्कियोर खांबाजवळच्या तिघांकडे गेला आणि त्यांचे डोळे मिटत राहिला. मी गुरुजींकडे गेले नाही. राजाला धरून उभी होते, हे कारण होतं माझ्याकडे.

अकराव्या दिवशी लोथार गादीवर बसला. चौकशीला मंडळ बसलं. फॉन श्ट्रालने शांतपणे सांगितलं की त्याने दोन कागद आणले होते, माफीचा आणि शिक्षेचा, राजाने आपल्या हाताने शिक्षेचा निवडला. दिसत नव्हतं हे त्याला कसं ठाऊक असणार? मग मला उभं केलं. मंडळाच्या अध्यक्षाने आधी वाचून दाखवलं की राजाचं आंधळेपण ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी लपवलं त्यांना वीस वर्षं तुरुंग आहे. डॉक्टर प्फाइलना आदल्या दिवशी नेलंच होतं. मग विचारलं, "तबकात किती कागद होते?"

"एक."

"त्यावर काय लिहिलेलं होतं?"

महाराज चार हातांवर बसले होते. मान थोडी वाकडी करून ऐकत होते, नेहमीसारखी.

मी म्हणाले, "मला वाचता येत नाही, साहेब."

अक्षरशत्रू शिवणारीला काय कळणार, असं म्हणून अध्यक्षाने मला सोडलं आणि चौकशी तिथेच संपली. बखरीत आता असं आहे की राजा गेबहार्डने भ्रमात तिघांचा जीव घेतला आणि मंत्री फॉन श्ट्राल याने राज्य सावरलं.

राणीसाहेब माहेरी गेल्या. महाराजांना सरहद्दीपलीकडे एका तळ्याकाठी घर दिलं. मी बरोबर गेले. दुसरी कुठे जाणार होते? सात वर्षं राहिलो. त्यांनी मला त्या साक्षीबद्दल एक शब्द विचारला नाही. हिवाळ्यात मी विणायला बसले की ते दोन्ही हात पुढे करायचे आणि लोकरीची लड त्यांच्या हातांवर घालून मी गुंडाळायचे. कधी तासभर असे बसायचे. एकदा मधूनच म्हणाले, "भिंतीशी बोलत होतो मी. तुला हसू आलं नाही?"

"नाही महाराज."

"मला येतं कधीकधी," ते म्हणाले. पण हसले नाहीत.

तिसऱ्या हिवाळ्यात मेल्कियोर आला. टोबियास अमेरिकेला गेला होता, हा क्राउटबाखलाच कढयांवर होता. बर्फाने भरलेले बूट घेऊन तो दारात उभा राहिला. मी त्याला चुलीपाशी बसवलं, वाटाण्याचं सूप दिलं. महाराज समोर येऊन बसले.

"मी आभार मानायला आलो नाही," मेल्कियोर म्हणाला.

"बरं."

"झेबाल्डनंतर माझा नंबर होता. मला एकच विचारायचंय. गाव म्हणतं, आदल्या दिवशीच तुम्हाला कळलं होतं. खरं?"

"खरं. दुपारी कळलं."

"मग सकाळी नऊनंतर कसे आलात?"

मला वाटलं, महाराज पुलावरच्या गाड्यांचं सांगतील, फाटकाच्या कुलपाचं सांगतील. ते म्हणाले, "घरातून निघायला उशीर केला. सातपासून साडेआठपर्यंत खुर्चीत बसून होतो. राजा राहायचं होतं."

मेल्कियोरने सूप संपवलं, वाडगा पुसून पालथा ठेवला आणि "येतो" म्हणून निघाला. जाताना महाराजांच्या खांद्याला त्याचा हात लागला. मुद्दाम लावला की दार अरुंद होतं म्हणून लागला, ते मला कळलं नाही. महाराज मात्र त्या रात्री जेवले नाहीत.

छप्पन्न सालच्या मार्चमध्ये ते छातीच्या कफाने गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना वाटत होतं की ते जुन्या राजवाड्यात आहेत आणि त्यांची पावलं मोजायची चुकलीयत. पुन्हा पुन्हा मला विचारायचे, "किती झाली?" मी तोंडाला येईल तो आकडा सांगायचे. ते मान हलवायचे, "नाही, नाही. चुकतंय." बावन्न वर्षांचे होते. टॉर्नबेर्गहून कुणी आलं नाही. मी आणि गावातला पाद्री, दोघांनीच माती दिली.

मग मी क्राउटबाखला गेले. अपोलोनिया गुरुजींच्याच घरात होती, केस पांढरे, हात मिठाने फुटलेले. तिने मला ओळखलं. "हेल्मिशची ना गं तू? राजवाड्यातली?" बसायला स्टूल सरकवलं. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं. तबक, चौदा पावलं, पहिलं नाव. मला वाचता येत होतं हे. आणि मग चौकशीत काय बोलले तेही.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वाचायला त्यांनीच शिकवलं होतं ना तुला?"

"हो."

"सात वर्षं मी त्या आंधळ्याला शिव्या घातल्या. झोपताना, उठताना. आता तुला घालू? माझ्यात तेवढा दम नाही राहिला गं." तिने चुलीतलं लाकूड पुढे ढकललं. "मला एकटीला सांगून मोकळी होऊ नकोस. तीन घरं आहेत. दोघांच्या दारात जा. तिथेही सांग."

मी गेले. लेबरेख्टच्या घरात आता त्याचा भाऊ राहत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या तोंडावर दार लावलं. झेबाल्डची म्हातारी आई रेगिना अंगणात कोबी चिरत होती. ती ठार बहिरी झालेली. मी हळू आवाजात सुरुवात केली.

"काय? मोठ्याने बोल."

मी पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्याने.

"ऐकू येत नाही गं बाई. कोण तू? झेबाल्डचं काय म्हणतेस?"

शेजारच्या दोन बायका काम सोडून कुंपणाशी आल्या. पलीकडच्या दारात एक माणूस उभा राहिला. रेगिनाने सुरी खाली ठेवली आणि कानाला हात लावून माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी तिच्यासमोर उकिडवी बसले, श्वास घेतला आणि पहिल्यापासून ओरडून सांगायला सुरुवात केली.